तालाच्या वाटेने रंगभूमीकडे

गृहस्थाच्या घरात जे पेच उद्भवतात ते बहुधा तीनच विषयांचे असतात : विवाहाचे, वाटणीचे आणि मुलांच्या भवितव्याचे. पहिल्या दोहोंविषयी आम्ही या सदरातून वेळोवेळी लिहिले आहे, आणि ते लिहिताना आम्ही स्वतः काठावर उभे होतो. तिसऱ्या पेचाने मात्र यंदाच्या दसऱ्यास आमच्याच उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले. तेव्हा आज उपदेशाचा अधिकार बाजूस ठेवून आमचीच अडचण वाचकांपुढे मांडणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

आमचा थोरला नातू पुण्यास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. महाविद्यालयातील चारपाच मित्रांनी मिळून रॉक नामक पाश्चात्त्य संगीताचा एक ताफा काढला असून त्यात हा ड्रम वाजवितो, हे आम्हांस ठाऊक होते. वयाचा भाग म्हणून आम्ही त्याकडे काणाडोळा केला होता. पुढे आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेत रंगमंचावर डबे-पिंपे तालात बडविणारा कोणी हवा होता म्हणून मित्रांनी त्यास नेले. तेथे त्यास दोन वाक्ये मिळाली. पुढच्या वर्षी दोनांची वीस झाली. आता पुण्यातील एका हौशी मंडळीने आपल्या नव्या नाटकात त्यास मोठी भूमिका देऊ केली आहे. सोने वाटून झाल्यावर त्याने सर्वांसमक्ष सांगितले, "आजोबा, परीक्षा मी देणार आहे. पण त्यानंतर दोन वर्षे नोकरी धरणार नाही. नाटक करणार आहे."

घरात जे व्हावयाचे ते झाले. चिरंजीव उठून माडीवर निघून गेले. सूनबाईंनी, "पुण्यात खोलीचे भाडे कोण भरणार?" असा एकच प्रश्न विचारला, आणि आमच्या मते त्या दिवशी विचारला गेलेला शहाणपणाचा प्रश्न तेवढाच होता. आमच्या वृद्ध भगिनी म्हणाल्या, "ढोल बडवायचा तो बडवायचा, आणि वर सोंगही घ्यायचे!" अखेर वडीलकीच्या नात्याने निकाल आमच्याकडे आला. आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली.

ज्या वाद्यावर एवढा रोष, ते वाद्य प्रथम नीट समजून घ्यावे, म्हणून आम्ही नातवासच विचारले. ज्यास हे लोक ड्रमसेट म्हणतात तो म्हणजे एक वाद्य नव्हे. ते एका मनुष्यापुढे मांडलेले वाद्यांचे बिऱ्हाडच होय. पूर्वी पाश्चात्त्य बँडपथकांत मोठा ढोल एकाने, तारेचा लहान ढोल दुसऱ्याने व झांजा तिसऱ्याने वाजवावयाच्या अशी वाटणी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी पायाने दाबून मोठा ढोल वाजविण्याची पट्टी प्रचारात आली, आणि तिघांचे काम एकाच्या अंगावर आले. उजवा पाय ढोलावर, डावा पाय जोडझांजेवर, आणि दोन्ही हात उरलेल्यांवर. चारही अवयवांनी चार निरनिराळ्या चाली चालावयाच्या, आणि तरी चौघांची गाठ समेवर पडली पाहिजे. हे ऐकल्यावर 'बडविणे' हे क्रियापद आम्ही आमच्यापुरते मागे घेतले.

आता आमच्या धाराशिवकर वाचकांस, आणि तुळजापूरची भवानी ज्यांचे कुलदैवत आहे अशा सर्वच वाचकांस, आम्ही एक प्रश्न विचारतो. घरात लग्नकार्य झाले की आपण गोंधळ घालतो ना? चौक भरला जातो, दिवटी पेटते, आणि गोंधळी संबळ कमरेस बांधून उभा राहतो. ते संबळ म्हणजे तरी काय? एक लहान व एक मोठा असे दोन जोडलेले ढोलच. एक काठी सरळ, दुसरीचे टोक वाकडे. मध्यरात्रीपर्यंत तो त्या दोन काठ्यांवर आख्यान उभे करतो. तोच राजा होतो, तोच राणी होतो, तोच हुंकार देणाऱ्या साथीदाराशी थट्टा करतो. आणि सोंग बदलताना मधला सांधा जोडते ते संबळच. वाजविणारा आणि सोंग घेणारा हे दोन निराळे पुरुष आहेत, ही कल्पना निदान आपल्या मुलखात तरी परकीच म्हटली पाहिजे. त्या रात्री आमच्या भगिनी हात जोडून सर्वांच्या पुढे बसतात. तोच ताल नातवाच्या खोलीतून आला की मात्र तो ढोल बडविणे ठरतो.

याचे कारण वाद्यात नाही, आपल्या मनात आहे. आणि ते स्पष्टच लिहावे हे बरे. हलगी, ढोलकी, संबळ ही वाद्ये आपल्यासारख्यांच्या घरांनी पिढ्यान्पिढ्या ऐकली, परंतु ती वाजविणारे हात आपले नव्हेत, असे मानले. कीर्तनातील मृदंगास आपण ओसरीवर जागा दिली, तबल्यास बैठकीत दिली, तीही गायकाच्या एक पाऊल मागे. ढोलकीचे ऐकावयाचे, परंतु ढोलकीवाल्याशी सोयरीक नको, हा आपला जुना न्याय. आज पोराने विलायती ढोल आणला तेव्हा तोच जुना न्याय आपण नव्या वाद्यास लावीत आहो, इतकेच.

या चार दिवसांत आम्ही आमच्या आठवणीतील आणि वाचनातील अशी माणसे धुंडाळली, की जी वाद्यवृंदातून रंगभूमीवर गेली. त्यांतील दोघांची हकीकत येथे देतो. दोघेही मुंबईचे, परंतु एकाच मुंबईतील दोन निरनिराळ्या जगांतील.

पहिले कृष्णा खंडेराव, म्हणजे दादा कोंडके. 1932 साली गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. त्यांनी करमणुकीच्या व्यवसायात प्रथम पाऊल टाकले ते बँडपथकातून. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यात ते वावरले, आणि 1965 साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य त्यांनी रंगभूमीवर आणले. सबनीस हे आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले, म्हणून आम्हांस त्यांचा अंमळ अधिक अभिमान. या लोकनाट्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्यातील दादांचा हवालदार ज्यांनी पाहिला ते सांगतील, की विनोदाचा अर्धा भाग शब्दांत होता आणि अर्धा शब्द केव्हा टाकावयाचा यात होता. टाळीस किती वेळ द्यावयाचा आणि ती पुरती ओसरण्यापूर्वी पुढचे वाक्य कोठे हाणावयाचे, हे ज्यास कळते तो तालाचाच मनुष्य. पुढे ते चित्रपटांत गेले आणि 1971 च्या 'सोंगाड्या'ने घरोघर पोहोचले. त्यांच्या काही विनोदांविषयी आमच्यासारख्यांच्या घरांत नाके मुरडली गेली. तो वाद आज आम्ही उकरीत नाही. त्यांच्या लयीस मात्र कोणी नाव ठेविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

परंतु कोणी वाचक म्हणतील, की दादांची गोष्ट निराळी. आमच्या शिकल्यासवरल्या घरातील मुलाचे काय? त्यांच्यासाठी दुसरी हकीकत, आणि आमच्या नातवाच्या गोष्टीस तीच अधिक जवळची आहे.

नंदू भेंडे यांचे घर म्हणजे सुशिक्षित म्हणावे तेवढे थोडे, असे होते. वडील आत्माराम भेंडे हे मराठी रंगभूमीवरील फार्साचे एक थोर नट व दिग्दर्शक. बबन प्रभू आणि भेंडे या जोडीने 'झोपी गेलेला जागा झाला' यांसारख्या नाटकांतून महाराष्ट्रास हसवून हसवून मेटाकुटीस आणले. आई डॉ. आशा भेंडे या लोकसंख्याशास्त्राच्या विदुषी. तारा कानिटकर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला लोकसंख्येच्या अभ्यासावरील इंग्रजी ग्रंथ विद्यार्थी पिढ्यान्पिढ्या वापरीत आले आहेत. शिवाय त्या स्वतः रंगभूमीवर वावरलेल्या. माहेरच्या त्या बेने इस्रायल समाजातील; इंग्रजीतून काव्य लिहिणारे निस्सीम इझिकेल हे त्यांचे बंधू. अशा घरातील मुलाने वकील, डॉक्टर, प्राध्यापक, किंवा फार तर मराठी नट व्हावे, अशी कोणाचीही अपेक्षा असावयाची. हा मुलगा 1970 नंतरच्या दशकात मुंबईतील रॉक संगीताच्या ताफ्यांचा गायक झाला. 'सॅव्हेज एन्काउंटर' आणि 'वेल्व्हेट फॉग' ही त्या ताफ्यांची नावे. नावे ऐकूनच आमच्या भगिनींनी कानांवर हात ठेवले असते.

हे गृहस्थ ड्रम वाजविणारे नव्हेत, गाणारे. हा फरक आम्ही लपवीत नाही. परंतु रॉकमध्ये गाणारा ड्रमच्या पाठीवर बसूनच गातो. तेथे तालवाद्य मागे नसते. सारी इमारतच त्यावर उभी असते. तेव्हा प्रश्न तोच राहतो : असल्या संगीतात वाढलेल्या मुलास रंगभूमीने जवळ केले ते कशासाठी?

प्रथम त्यांस जवळ केले इंग्रजी रंगभूमीने. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवर 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' नावाचे आद्यंत गायिलेले रॉक-संगीतक रचिले होते. 1970 साली ते ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने बाहेर पडले आणि पुढल्या वर्षी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. 1974 च्या सुमारास अलिक पदमसी यांनी ते मुंबईत उभे केले, तेव्हा जूडासची भूमिका नंदू भेंडे यांस मिळाली. जूडास म्हणजे गुरूचा घात करणारा शिष्य. या संगीतकात तो निव्वळ खलपुरुष नाही. गुरू भलत्या मार्गाने जात आहे असे त्यास मनापासून वाटते, आणि त्या वाटण्याच्या भरात तो घात करून बसतो. ही तगमग बोलून दाखविण्यास येथे गद्य संवाद नाहीत; जे सांगावयाचे ते गळ्याने आणि तालाने. गायकास नट करणारी याहून कडक शाळा शोधून सापडावयाची नाही.

नंतर मराठीची हाक आली. येथे थोडे मागे जावे लागेल. 1728 साली लंडनमध्ये जॉन गे याने चोर, भिकारी आणि त्यांचे दलाल यांच्यावर एक उपरोधिक संगीत नाटक लिहिले. बरोबर दोनशे वर्षांनी, 1928 साली, बर्लिनमध्ये ब्रेख्टने त्याच कथानकावर कुर्ट वाइलच्या संगीतासह 'थ्री पेनी ऑपेरा' रचिला. आणि पुढे पन्नास वर्षांनी, 1978 साली, पु. ल. देशपांडे यांनी तेच कथानक तमाशाच्या घाटात बसवून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. पुण्याच्या थिएटर अकादमीने तो रंगभूमीवर आणला. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ, आणि शिक्षण सोलापुरातील. तेव्हा पुन्हा शेजाऱ्याचाच अभिमान.

या नाटकाचा नायक अंकुश हा दरोडेखोर. देखणा, ऐटबाज आणि कोणत्याच नीतीस न बांधलेला. ती भूमिका नंदू भेंडे यांनी केली, आणि नाटकाच्या संगीतातही त्यांचा हात होता. एकाच नाटकात लावणी होती, नाट्यसंगीताचा बाज होता आणि अंकुशाच्या तोंडी पाश्चात्त्य धर्तीचे गाणेही होते. आम्ही तो प्रयोग पुण्यास पाहिला. पहिल्या अंकात आम्ही अस्वस्थ झालो होतो, हे कबूल केले पाहिजे. हा मनुष्य गातो ते कोठले? आपल्यात याचे काय काम? दुसऱ्या अंकात उमगले, की दिग्दर्शकास आमच्याकडून हाच प्रश्न हवा होता. जो समाजाच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही, त्याचे गाणेही कोणत्याच परिचित चौकटीत बसू नये. मुंबईच्या रॉक ताफ्यात तयार झालेला गळा तेथे उपरा वाटला, आणि तो उपरेपणा हेच त्या भूमिकेचे मर्म ठरले.

पुढेही त्यांनी संगीत सोडले नाही. 11 एप्रिल 2014 रोजी त्यांचे निधन झाले. आत्माराम भेंडे त्या वेळी नव्वदी ओलांडून गेलेले होते. पुत्राचे जाणे त्यांस पाहावे लागले. पुढच्या फेब्रुवारीत तेही गेले. पितापुत्रांची ही जोडी मनात आणली की आम्हांस राहून राहून एक विचार येतो. बाप फार्साचा बादशहा, मुलगा रॉकचा गवई. वरवर पाहता दोघांत काहीच साम्य नाही. परंतु फार्स म्हणजे तरी काय? एक दार लागते तोच दुसरे उघडते. ते अर्धा क्षण उशिरा उघडले तर प्रेक्षागृह थंड. अर्धा क्षण आधी उघडले तर सारे बिंग फुटले. फार्साचा नट मनात मात्रा मोजीत असतो. म्हणजे बापाच्या घरात जे होते तेच मुलाने घेतले. फक्त वाद्य बदलले. भेंडे यांच्या घरात यावर काय बोलणी झाली हे आम्हांस ठाऊक असण्याचे कारण नाही. मुलगा गात राहिला आणि बाप नाटक करीत राहिला, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

येथवर लिहून लेखणी खाली ठेवता आली असती. परंतु ज्या कारणासाठी आम्ही चार दिवसांची मुदत मागितली ते कारण अद्याप सांगितलेले नाही.

1967 सालची गोष्ट. आमचे धाकटे बंधू त्या वेळी अठरा वर्षांचे होते. तबल्यावर त्यांचा हात चांगला बसला होता. गावात हिवाळ्यात एक फिरती नाटकमंडळी आली होती. तिचा तबलजी तापाने पडला म्हणून कोणी आमच्या बंधूंचे नाव सांगितले, आणि तीन रात्री त्यांनी साथ केली. चौथ्या दिवशी मंडळीचे मालक आमच्या ओसरीवर येऊन बसले. मुलगा आमच्याबरोबर द्या, तबल्यास तर हवाच आहे, परंतु उभा राहिला तर नटही होईल, असे त्यांचे म्हणणे. वडील दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते आणि घराचा भार चोवीस वर्षांच्या आमच्या खांद्यावर होता. आम्ही त्या गृहस्थांस चहा दिला आणि नकार दिला. संध्याकाळी तबलाजोडी कापडात बांधून माळ्यावर टाकली. बंधू काही बोलले नाहीत. पुढे ते महसूल खात्यात लागले, निवृत्त झाले, आणि सध्या लातुरास सुखाने आहेत. आमचा निर्णय व्यवहारात चुकला असे कोणी म्हणणार नाही. तरीही गेल्या इतक्या वर्षांत आमच्या घरी कोणाच्याही लग्नात, कोणत्याही भजनात त्यांनी तबल्यास बोट लाविलेले नाही.

तेव्हा नातवाचा निकाल देण्यापूर्वी आम्ही लातुरास दूरध्वनी केला. सर्व ऐकून घेऊन ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, तुमचा नकार बरोबरच होता. नाटकमंडळीत माझे काय झाले असते, देव जाणे. पण त्या दिवशी ओसरीवर तुम्ही त्यांना विचारलेत, आईला विचारलेत, मामांना विचारलेत. मला कोणी विचारले नाही. त्याला निदान विचारा."

आम्ही विचारले. दार लावून घेऊन दोन तास विचारले. रोज किती घटका वाजवितोस, आणि नाटकाची तालीम असली की त्यांतील किती उरतात? भूमिका पाठ करताना काय करतोस? त्यावर तो म्हणाला, की आधी वाक्यातील आघात टेबलावर बोटांनी वाजवून पाहतो. कोठे थांबावयाचे हे हातास कळले की जिभेस कळते. हे उत्तर ऐकून आम्ही मनातल्या मनात अर्धा निकाल देऊन टाकला. भाड्याचे काय, हा सूनबाईंचा प्रश्नही विचारला. सकाळी एका शाळेत मुलांस ड्रम शिकविण्याचे काम मिळण्यासारखे आहे, असे तो म्हणाला, आणि त्यातून किती सुटतील याचा हिशेब त्याने कागदावर मांडून आणला होता. हिशेबात जेवणाचा खर्च धरावयाचा राहून गेला होता. तो सूनबाईंनी धरून दिला.

निकाल असा झाला : परीक्षा उत्तम रीतीने द्यावी, त्यानंतर दोन वर्षे त्याची. खोलीचे अर्धे भाडे घरातून जाईल, अर्धे त्याने मिळवावे. दोन वर्षांनी पुन्हा दसऱ्यासच बसून बोलावे, आणि त्या वेळी काय ते त्यानेच प्रथम सांगावे. चिरंजीव अद्याप नाराज आहेत. त्यांची नाराजी खोटी नाही. रंगभूमीने किती जणांस दोन वेळचे जेवण दिले हा प्रश्न आजही उभा आहे, आणि दोघा यशवंतांच्या हकीकतींनी तो सुटत नाही. आमच्या नातवाचा नट होईल की नाही हे आम्हांस सांगता यावयाचे नाही. एप्रिल 2017 मध्ये येथे धाराशिवास 97 वे मराठी नाट्यसंमेलन भरले. जयंत सावरकर अध्यक्ष होते. त्या वेळी आम्हीच या मुलाचा हात धरून त्यास मांडवात नेले होते. घरातील कोणी त्यावर हरकत घेतली नव्हती. मुलांस आपण हौसेने नाटक दाखवितो, गोंधळास पुढे बसवितो, आणि त्यांतील एखाद्याने ते खरोखरच मनावर घेतले की दचकतो. यात मुलाचा अपराध कोणता?

ज्या वाचकांच्या घरी असा प्रसंग उभा असेल त्यांस आमचे सांगणे एवढेच, की मुलाचे वाद्य कोणते हे विचारण्याआधी त्याचा रियाज किती हे विचारा, आणि दोन्ही प्रश्न त्यालाच विचारा. होकार द्यावा की नकार, हे ज्याचे त्याने आपल्या घरची स्थिती पाहून ठरवावे.

तबलाजोडी आम्ही माळ्यावरून खाली काढविली आहे. वाद्या कुजल्या आहेत, शाईस तडे गेले आहेत. तुळजापूरच्या वाटेवर एक कारागीर आहेत. पुड्या नव्या घालाव्या लागतील असे त्यांनी सांगितले आहे. दिवाळीस बंधू यावयाचे आहेत. ते वाजवितील असे आम्ही म्हणत नाही. जोडी बैठकीत ठेवलेली असेल, इतकेच.